कुर्डुवाडीपर्यंतचा श्वास

"थांबा! कोणी पुढे येऊ नका. तिथंच थांबा."

विमानाच्या शिडीवरून उतरलेल्या बाईंनी दोन्ही हात वर केले, आणि बर्फातून धडपडत धावणारे आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो.

अंटार्क्टिकावरच्या आमच्या स्टेशनात हिवाळा काढलेली आमची तुकडी होती. फेब्रुवारीत शेवटचं जहाज परत गेलं, त्यानंतर एकही नवा चेहरा आम्ही पाहिला नव्हता. आता नोव्हेंबर लागला होता, सूर्य मावळायचा बंद झाला होता आणि हंगामातलं पहिलं छोटं विमान केप टाउनहून आलं होतं. त्यातून कांदे येणार होते, सफरचंदं येणार होती, आणि बर्फाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. कुमुद होटगीकर येणार होत्या.

मी तिथला डॉक्टर. सांगलीकडचा, आडनाव शेडबाळे. तुकडीत देशभरातली माणसं होती, बोलणं सगळं हिंदीत. नऊ महिने मी तोंड भरून मराठी बोललो नव्हतो. येणाऱ्या बाई सोलापूरच्या आहेत हे कळल्यापासून मी लहान पोरासारखी वाट बघत होतो, आणि बाई तर जवळ येऊ नका म्हणत होत्या.

"मॅडम, काय झालं?" आमचे तुकडीप्रमुख सेनगुप्ता ओरडले.

"घसा दुखतोय. कालपासून. विमानात शिंकाही आल्या."

आमचा रेडिओ सांभाळणारा थंगराज हसला. "मॅडम, उणे पंधरा आहे. शिंका येणारच."

बाई हसल्या नाहीत. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, लाल अंगरख्यात अगदी बुडून गेलेल्या. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. "डॉक्टर कोण तुमच्यात? शेडबाळे?"

मी हात वर केला. मग त्या भर वाऱ्यात, इतक्या लोकांसमोर, त्या सरळ मराठीत बोलायला लागल्या. कोणाला कळणार नाही म्हणूनच बोलत होत्या, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"तुमच्याकडे तो धुरानं फुप्फुसं भाजलेला माणूस आहे ना? नेगी?"

"आहे."

"ऑक्सिजन लागतो अजून?"

"झोपताना लागतो. पुढच्या विमानानं पाठवायचाय. ह्या विमानात स्ट्रेचर मावत नाही, डिझेलच्या पिंपांनी भरलंय. पुढे दुसऱ्या देशाच्या स्टेशनला चाललंय ते."

"मग मी आत कशी येऊ, सांगा बरं."

"तुम्हाला एक खोली वेगळी देतो की. त्यात काय."

"खोल्या गरम कशा करता?"

"एकाच यंत्रातून गरम हवा नळ्यांनी सगळ्या खोल्यांत..." एवढं बोललो आणि माझ्या लक्षात आलं. जी हवा बाईंच्या खोलीतून फिरणार, तीच फिरत फिरत नेगीच्या खोलीत जाणार होती.

"ती बाहेरची लाकडी खोली कसली?"

"उन्हाळ्यातल्या पाहुण्यांची. हिवाळाभर बंद होती. पण मॅडम, तिथे विजेचा एक लहानसा हीटर आहे फक्त. दहा अंशांच्या वर काही जात नाही."

"चालेल. आणि हे बघा, नेगीचं नाव कुठे निघता कामा नये, मनाला लावून घेईल तो. डॉक्टर आत येऊ देत नाहीत, एवढंच सगळ्यांना सांगा. तुम्हाला शिव्या बसतील थोड्या."

बसल्याच. सेनगुप्तांना मी घशाचा संसर्ग आहे, सगळ्या स्टेशनला लागेल, असं सांगितलं. ते म्हणाले, "सर्दी आहे, डॉक्टर. प्लेग नाही." जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. कारणही तसंच होतं.

चार दिवसांनी आमच्या गाड्या आतल्या पठारावर निघायच्या होत्या. तिथे शंभर मीटर खोल छिद्र घेऊन जुन्या बर्फाचा दंडगोल गाभा काढायचा होता. उशीर केला तर उन्हानं वाटेतला बर्फ मऊ पडतो आणि त्याच्याखालच्या भेगा गाड्या गिळतात, त्यामुळे तारीख पुढे ढकलता येत नव्हती. ही मोहीम बाईंनी आखलेली होती. सात-आठ वर्षं त्यांनी तिच्यासाठी दिल्लीला खेटे घातले होते. दोनदा मंजूर होऊन ऐनवेळी रद्द झाली होती. पुढच्या मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या, म्हणजे पुन्हा येणं नाही. आणि छिद्र पाडण्याचं ते यंत्र चालवायला आमच्यातल्या कोणालाही येत नव्हतं.

सगळ्यांत जास्त चिडला नेगी. सुभेदार भगतसिंग नेगी, गढवालचा, सैन्यातून आलेला मेकॅनिक. जुलैच्या अंधारात जनरेटरच्या शेडला आग लागली तेव्हा तो आत शिरला, वाल्व बंद केला आणि मगच बाहेर येऊन कोसळला. जनरेटर बंद पडला असता तर आम्ही कोणीच नोव्हेंबर पाहिला नसता. त्या आधी दोन महिने खपून त्यानंच बाईंच्या यंत्रासाठी घसरगाडी बनवली होती. तो उशांना टेकून बसला होता, उशाशी रेडिओचा सेट खरखरत होता, आणि बोलताना त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या.

"डॉक्टरसाब, इतक्या लांबून बाई आल्यात. तुम्ही त्यांना झोपडीत टाकलंत? सर्दीसाठी?"

"सर्दीच असेल असं नाही. फ्लूही असू शकतो. तपासायची सोय नाही माझ्याकडे."

"मग औषध द्या आणि जाऊ द्या त्यांना गाडीवर."

मी त्याची नाडी मोजत राहिलो. ह्याच नेगीनं मला हिवाळ्यात एकदा विचारलं होतं, "आमच्या गावात जरा गारठा पडला की गाव शिंकायला लागतं. इथे उणे चाळीस, आणि कोणाचं नाक वाहत नाही. असं कसं?" मी त्याला सांगितलं होतं की नुसत्या थंडीनं सर्दी होत नाही. सर्दी विषाणूनं होते आणि विषाणू माणसाबरोबर येतो. इथे नवा माणूस आला नाही, म्हणून सर्दी नाही. "मग गावाला थंडीतच का होते?" त्यावर मी त्याला नाकाचं सांगितलं. गार हवेत नाक आतून गार पडतं, तिथली शरीराची राखण ढिली होते, आणि सर्दीच्या विषाणूंना तर असं गारसं नाकच वाढायला मानवतं. हवा कोरडी असली तर त्यांचं आणखी फावतं. लोकही दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या तोंडाजवळ बसतात. नेगीनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

आमच्या स्टेशनात तर हे सगळंच होतं. बाहेरची गोठलेली हवा आत घेऊन तापवली की ती इतकी कोरडी व्हायची की आमची नाकं फुटून रक्त यायचं. दारं सदा बंद. आणि आमची शरीरं नऊ महिने एकाही नव्या विषाणूला भेटलेली नव्हती. त्यात नेगीची फुप्फुसं. साधा फ्लूसुद्धा त्याला झेपला नसता. आणि बाई गाडीवर गेल्या असत्या तर बंद केबिनीत सगळेच आजारी पडले असते, तेही डॉक्टर नसलेल्या पठारावर.

बाईंना हे सगळं माझ्या आधी सुचलं होतं. विमानाच्या खिडकीशी पहिली शिंक आली तेव्हाच, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यांची तपासणी मी खिडकीच्या काचेतून करायचो. त्यांच्याकडे एक वॉकीटॉकी दिला होता, एक माझ्याकडे. थर्मामीटर त्या स्वतः लावायच्या, नाडी स्वतः मोजायच्या. छाती ऐकता येत नव्हती. दम किती टिकतो हे कळायला डॉक्टर लोक पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला सांगतात, तसं मी त्यांना सांगितलं.

"आकडे नकोत," त्या म्हणाल्या. "कंटाळवाणं असतं. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. मला सोलापूर ते दौंड सगळी स्टेशनं पाठ आहेत. म्हणू?"

"म्हणा."

"सोलापूर, बाळे, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ, अनगर, वाकाव, माढा, वडसिंगे, कुर्डुवाडी, ढवळस, केम, भाळवणी, जेऊर..." असं करत त्या पार भिगवण ओलांडून दौंडला पोचल्या. शेवटची दोन-तीन स्टेशनं कुजबुजल्यासारखी आली, पण आली. मी काचेबाहेर गोठत उभा होतो आणि वॉकीटॉकीतून मला माढा आणि जेऊर ऐकू येत होतं.

"उत्तम आहे," मी म्हणालो. "पण मॅडम, ह्या गार खोलीत तुमचाच आजार वाढेल. नाक गार राहणार."

"वाढू दे. ही फुप्फुसं सोलापूरच्या उन्हात भाजून निघालीत, डॉक्टर. जरा गारवा लागू दे त्यांना." मग म्हणाल्या, "थंगराजला पाठवा. यंत्र उघडून इथे खिडकीसमोर ठेवायला सांगा."

पुढचे तीन दिवस तो तमाशा सगळ्या स्टेशननं पाहिला. बाहेर बर्फावर ताडपत्री पसरलेली, तिच्यावर यंत्राचे सगळे भाग मांडलेले, थंगराज गुडघ्यांवर बसलेला, आणि काचेआड शाल गुंडाळलेल्या बाई. "उलटं लावलंस. काढ. पातं तुझ्याकडे बघू दे. हां. आता पुन्हा खोल आणि पुन्हा जोड." थंगराज वैतागायचा, हात झटकायचा, बोटं काखेत घालून ऊब घ्यायचा. बाई त्याला कधी ओरडल्या नाहीत, आणि कधी सोडलंही नाही. डोळे मिटून जोडायला लागला तेव्हाच त्यांनी मान हलवली.

तोवर त्यांना ताप चढला होता. खोकला खाली छातीत उतरला होता. स्टेशनं आता जेऊरला थांबत होती.

गाड्या निघाल्या त्या दिवशी मी सेनगुप्तांना म्हटलं, खोलीवरून वळसा घालून न्या. ओळीनं सगळ्या गाड्या त्या खिडकीसमोरून गेल्या. मागच्या गाडीला नेगीनं बनवलेली घसरगाडी बांधलेली होती आणि तिच्यावर थंगराज बसला होता. बाई काचेला हात टेकून उभ्या होत्या. शेवटची गाडी उताराखाली दिसेनाशी झाली तरी तो हात तसाच होता. मी वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला. तेवढ्यात त्याच बोलल्या.

"घसरगाडी चांगली बनवलीय हो. डुगडुगत नाही अजिबात."

दुसऱ्या दिवशी त्या मोहोळला थांबल्या.

मोहोळ म्हणजे पाचवं स्टेशन. त्यानंतर नुसता श्वास ऐकू येत होता, भाता चालावा तसा. काचेतून त्यांचे ओठ मला नीट दिसत नव्हते. आतून त्यांच्याच श्वासाचा बर्फ काचेवर धरला होता. मी गोळ्यांची पिशवी आणि इंजेक्शनचा डबा घेतला आणि दाराशी गेलो. दार ढकललं. आतून कडी होती.

"मॅडम, दार उघडा," मी वॉकीटॉकीत म्हणालो.

"गोळ्या पायरीवर ठेवा. मी घेते."

"गोळ्यांनी भागणार नाही. छातीत न्यूमोनिया होतोय. मला बघायला पाहिजे, सुई द्यायला पाहिजे."

"तुम्ही आत आलात," त्या थांबल्या, श्वास घेतला, "तर नेगीकडे परत कसे जाणार?"

"मुखपट्टी लावून येतो."

"एका फडक्याच्या भरवशावर?"

"मॅडम, मी डॉक्टर आहे. पेशंट तुम्हीसुद्धा आहात."

"हो. पण मला निवडता येतंय. त्याला येत नाही." पुन्हा श्वास. "त्यानं आगीत शिरताना डॉक्टरला विचारलं होतं का? सुई मी टोचून घेईन. कुठे टोचायची ते सांगा. वडिलांना इन्सुलिन मीच द्यायची."

मी दाराबाहेर उभा राहून त्यांना सुई कशी भरायची, मांडीत कुठे टोचायची ते सांगितलं. टोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झालं. आता तुम्ही आत जा, गारठाल. मला नाक गार ठेवू नका म्हणता आणि स्वतः इथे उभे."

मी आत गेलो, तोंड धुतलं, कपडे बदलले आणि नेगीला तपासलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवणाचं ताट तसंच होतं. माझ्यावरचा राग अजून गेला नसेल असं मला वाटलं.

सुया चालू राहिल्या. मोहोळ, पुन्हा मोहोळ, मग अनगर. एका सकाळी मी काचेशी गेलो तेव्हा आतल्या बाजूनं बर्फ खरवडून काढलेला होता आणि बाई केस विंचरत होत्या. मला बघून त्यांनी वॉकीटॉकी उचलला, आणि मी काही विचारायच्या आत सुरुवात केली. माढा आलं, वडसिंगे आलं, आणि एकाच दमात कुर्डुवाडी.

"कुर्डुवाडी!" मी ओरडलोच.

"जंक्शन आहे," त्या म्हणाल्या. "इथे चहा मिळतो. पाठवता का?"

स्टेशनात एकाही माणसाला शिंक आली नाही.

पुढचं विमान नेगीला न्यायला आलं तेव्हा बाई पुष्कळ बऱ्या झाल्या होत्या. ताप जाऊन आठवडा झाला होता. आता आत या, असं मी आधीच म्हटलं होतं, पण नेगी उडेपर्यंत नाही म्हणाल्या. त्याला स्ट्रेचरवरून विमानाकडे नेत होतो तेव्हा त्या आपल्या खोलीच्या पायरीवर उभ्या होत्या. वारा त्यांच्याकडे वाहत होता. नेगीनं हात करून आम्हाला थांबवलं.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज फार नव्हता, पण तिथे दुसरा आवाजच नसतो. "कुर्डुवाडी आली, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

हे तो मराठीत बोलला. अडखळत, पण मराठीत.

मी स्ट्रेचरची दांडी धरून वाकलो. "नेगी, तुला मराठी येते?"

"खडकीला सहा वर्षं होतो, साब. ऐकायला येते. बोलायला लाज वाटते."

तेव्हा मला त्याच्या उशाशी असलेला सेट आठवला. आजारी माणसाला करमणूक म्हणून थंगराजनं तो तिथे ठेवला होता. माझं आणि बाईंचं वॉकीटॉकीवरचं सगळं बोलणं त्यावर ऐकू जात होतं. स्टेशनं, सुया, दाराची कडी, सगळं.

"आणि मोहोळला थांबल्या तेव्हा जेवलो नाही," तो बाईंना म्हणाला.

"अरे, मग तेव्हाच मला का नाही बोललास?" मी म्हटलं.

आता तो हिंदीत बोलला, फक्त मला. "काय बोलणार, साब? मी बोललो असतो तरी त्या आत आल्या नसत्याच. वर मला समजावत बसल्या असत्या. त्यांना दम लागत होता."

त्यानं झोपल्या झोपल्याच उजवा हात कपाळाला लावला. बाईंना सॅल्यूट करता येत नव्हता. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि विमान उडेपर्यंत सोडले नाहीत. नेगी सुखरूप पोचला. त्याच्या फुप्फुसांत कायमची कसर राहिली, पण पुढे वीस वर्षं तो पौडीला स्वतःचं वर्कशॉप चालवत होता.

बाई त्याच दिवशी आत आल्या. नऊ महिन्यांची साठलेली मराठी मी दोन दिवसांत बोलून संपवली.

डिसेंबरात गाड्या परतल्या. थंगराजचं नाक उन्हानं सोललं होतं, दाढी वाढली होती. शंभरचं ठरलं होतं, त्यानं एकशेचार मीटर काढलं होतं. बर्फाचे दंडगोल पेट्यांत नीट नंबर घालून रचलेले. सगळे पेट्यांभोवती जमले. त्यानं सगळ्यांत खोलवरचा एक तुटका तुकडा वेगळा ठेवला होता, तो कपात टाकून त्यावर पाणी ओतलं. शिवकाळाच्याही आधी पडलेला तो बर्फ असावा, असं बाई म्हणाल्या. तेव्हाची हवा त्यात अडकलेली होती; ती बाहेर पडताना बारीक तडतडत होती. कप हातोहात फिरला. जो तो कानाला लावून हसत होता.

कप बाईंकडे आला. त्यांनी तो कानाशी धरला, थोडा वेळ ऐकला आणि टेबलावर ठेवला. मग थंगराजसाठी शेजारची खुर्ची ओढली.

"बस. हे होईल नंतर. आधी मला सांग, तिथे कसं दिसतं?"

थंगराज गोंधळला. "मॅडम, काहीच नाही तिथे. पांढरं सगळं."

"नुसतं पांढरं नसतं. वारा पडला की काय दिसतं? तुमच्या सावल्या कुठल्या रंगाच्या होत्या? बर्फावर पाय पडला की आवाज कसा येत होता, करकर की पोकळ?"

तो विचार करायला लागला. "निळ्या," तो म्हणाला. "सावल्या निळ्या होत्या. आणि पहिल्या दिवशी आवाज पोकळ आला, मी घाबरलो..."

"हां," बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तिथपासून सांग. काही गाळू नकोस."